मुठीचं माप

मिस्त्री उठून उभे राहिले की त्यांचे गुडघे असे करकरायचे, की शेजारीण आपल्याच दाराला तेल घालायची.

सुतारकामात माणूस वस्ताद. लेकीच्या बाळंतपणाआधी पाळणा पुरा करायचा होता, पण खाली बसवत नव्हतं. एका गिऱ्हाइकाने झाडाच्या सालीची पिशवी आणून दिली. "काढा घ्या. सांधे मोकळे होतात, रोग जवळ फिरकत नाही."

मिस्त्रींनी साल हुंगली. लाकडात जन्म गेला, साल काय परकी? रोज मूठभर उकळून पिऊ लागले. हृदयासाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी चालूच होती, पण डॉक्टरबाईंना सालीबद्दल अवाक्षर नाही.

पंधरवड्यात पटाशी अंगठ्यावर निसटली. एरवी चिंधी गुंडाळून भागायचं. या वेळी रक्त थांबेना, पाळण्याची दांडी लाल झाली. बायकोने एका हाताने अंगठा दाबून धरला, दुसऱ्या हाताने सालीची पिशवी उचलली.

"ती कशाला?"

"तुम्ही सांगणार नाही, ती तरी सांगेल."

टाके घालून झाल्यावर डॉक्टरबाईंनी दवाखान्यातल्या, मिस्त्रींनीच केलेल्या टेबलावर टिचकी मारली. "याचे पाय अंदाजाने कापले होते?"

"काय बोलता बाई? अर्ध्या सुताचा फरक निघायचा नाही."

"आणि काढ्याचं माप?"

मिस्त्रींनी आपल्या फावड्याएवढ्या पंजाकडे पाहिलं. "मूठ. जास्त दुखलं तर दोन."

"सालीने गोळीचा जोर वाढवला असणार. शिवाय ही कुठल्या झाडाची, तेही ठाऊक नाही. साल आजपासून बंद. गोळी मात्र आपल्या मनाने सोडायची नाही."

"म्हणजे झाडपाला वाईटच म्हणायचा."

"मी कुठे म्हणाले? भरवशाच्या ठिकाणचा, नाव आणि प्रमाण लिहिलेला घ्यावा. आधी चालू गोळ्या दाखवाव्यात, त्रास झाला की थांबावं. तुम्हाला मात्र व्यायाम, आणि काम उंच टेबलावर."

"माझेही गुडघे दुखतात," बायको हळूच म्हणाली. "गोळी एकही नाही."

बाईंनी तिला तपासलं आणि चिठ्ठीवर दुसऱ्या, खात्रीच्या सालीचं नाव, माप, दिवस लिहून दिले.

पाळणा टेबलावर चढला आणि बाळाच्या दोन दिवस आधी पुरा झाला. बायको आता मोजून काढा घेते, जिना जरा सोपा वाटतो म्हणते. मिस्त्री कानामागची पेन्सिल काढून तिच्या चिठ्ठीवर रोज तारीख टाकतात आणि नुसत्या वासावर समाधान मानतात.

मंडळी, झाडाचं आहे म्हणून ते निर्धोक नसतं. विचारून घ्या, आणि विचारताना काही लपवू नका. मिस्त्री तर आता गिऱ्हाइकालाच बजावतात, "लाकूड मोजून कापतो ना आपण? मग पोटात जाणारी सालही मोजायलाच हवी."