अब्बांनी चढवलेली दोरी

मी एक धनुष्य बोलतोय. टीव्हीवर एका बाणाचे शंभर बाण करणारं नव्हे. कोथरूडमधल्या एका फ्लॅटमध्ये बुटांच्या रॅकशेजारी उभं केलेलं. इंग्रजीत मला लाँगबो म्हणतात. वरपासून खालपर्यंत अखंड, मध्ये सुटा होणारा सांधा नाही की स्क्रू नाही. आल्यागेल्याला मी पडद्याचा दांडा वाटतो. वाटू दे. पुण्यात जन्मलोय, अपमान पचवायची सवय आहे.

मला घडवलं मकबूलमियाँनी. मंडईमागच्या गल्लीत त्यांचं सुतारकामाचं दुकान होतं. पाट, पोळपाट, देव्हारे, मागाल ते करून द्यायचे. त्यांची लेक रझिया कॉलेजात तिरंदाजी शिकू लागली आणि एक दिवस म्हणाली, "अब्बा, मला साधं लाकडाचं धनुष्य हवंय."

"एवढंच ना? त्यात काय मोठं!"

मग पहिलं मोडलं. दुसरंही मोडलं. तेव्हा कुठे मियाँना पटलं, की पोळपाट वेगळा आणि धनुष्य वेगळं. शेवटी पोटाला बाभूळ आणि पाठीला बांबू, असा मी झालो. ते थोडं तासायचे, मला वाकवून बघायचे, पुन्हा थोडं तासायचे. गिऱ्हाइकं खोळंबायची.

"मियाँ, माझ्या देव्हाऱ्याचं काय?"

"होईल हो. देवाला घाई नाही, तुम्हालाच आहे."

आता आमच्या जातीचा एक नियम सांगतो. बाण मारून झाले की दोरी उतरवायची. चढवलेली दोरी म्हणजे सतत मुठी आवळून उभं राहणं; माणूस असो की लाकूड, किती वेळ सोसणार? मकबूलमियाँनी हा नियम कधी चुकवला नाही. चढवायची त्यांनी, उतरवायचीही त्यांनीच. चढवून झाली की अंगठ्याने दोरी एकदा छेडायचे. टुंग. मग स्वतःशीच मान हलवायचे.

एका रविवारी सकाळी त्यांनी दोरी चढवली, छेडली, मला भिंतीला टेकवलं आणि रझियाचं आवरेपर्यंत खुर्चीत बसले. ते उठलेच नाहीत.

त्या दिवसापासून माझी दोरी कोणी उतरवलेली नाही.

दफन झालं, दुकान गेलं, मायलेकी कोथरूडला आल्या. टेम्पोतही मी तसाच, ताणलेला. हमाल मला हात लावायला गेला तर रझिया त्याच्या अंगावर धावली. "अब्बांनी चढवलीय दोरी. त्यांच्या हातचं शेवटचं काम आहे ते." वेडी पोर! असं ठेवलेलं धनुष्य आतून मरतं हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण कळतं पण वळत नाही, त्याला काय करणार?

आणि आता जे सांगतोय त्यावर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. मंडईमागचं दुकान बंद करायची जी वेळ होती, त्या वेळेला रोज संध्याकाळी माझी दोरी वाजते. खिडकी बंद, पंखा बंद, जवळ कोणी नाही. टुंग. ताणाने वाजत असेल म्हणा. पण अंगठ्यावरचा तो घट्टा मी ओळखतो हो! रझियाची आई जिनतबी कणीक मळता मळता थांबतात आणि दाराकडे बघतात. रझिया मोबाइलचा आवाज वाढवते. दोघी एकमेकींना काही विचारत नाहीत. मला मात्र भीती वाटते. ते येतात, छेडतात, घुटमळतात आणि तसेच परत जातात.

रझियाची नोकरी हिंजवडीत. ऑफिस सुटल्यावर परस्पर सरावाला जायचं तर मला कंपनीच्या बसमध्ये न्यायला हवं. ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, एक तर तुम्ही बसा, नाहीतर ह्याला बसवा." रविवारी स्पर्धा होती. तिला शिकवणारे विश्वजीत सर तिला कधीचे सांगत होते, "टेकडाउन घे. तीन भाग सुटे होतात, सॅकमध्ये मावतात."

"अखंड धनुष्याची मजा त्याला नाही, सर."

"मजा खरी, पण ती बसमध्ये मावत नाही."

शनिवारी सुट्टी होती म्हणून ती मला रिक्षाने मैदानावर घेऊन गेली. बोलता बोलता सरांनी माझ्या पोटावरून बोट फिरवलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "ही दोरी कधी चढवलीस?"

"आज सकाळी."

"फारच लांबलेली सकाळ दिसतेय. रझिया, आडव्या चिरा पडल्यात इथे. पूर्ण खेचलंस तर मोडेल, आणि तुकडा थेट डोळ्यात जाईल. रविवारी माझं टेकडाउन ने."

ते टेकडाउन घरी आलं. छान होतं, गुळगुळीत. माझा जळफळाट झाला, खोटं कशाला बोलू? पण संध्याकाळी रझियाने त्याची दोरी काढली, बोल्ट सैल केले, तिन्ही भाग फडक्यात गुंडाळून निजवले. तेव्हा वाटलं, सुखी आहे लेकाचं. रोज सुटतं.

रविवार उजाडला. रझियाने सॅक पाठीला लावली, दारापर्यंत गेली, परत आली. सॅक खाली ठेवून तिने मला उचललं. "अब्बांच्याच धनुष्याने मारणार."

आणि तिथेच, हॉलमध्ये, अंदाज घ्यायला तिने मला खेचलं. अगं नको, नको! मी ओरडलो, पण आमचं ओरडणं ऐकतंय कोण? दोरी तिच्या गालापर्यंत आली आणि माझ्या पोटात कट् असा आवाज झाला. डोळ्यापासून वीतभर अंतरावर.

जिनतबी स्वयंपाकघरातून धावत आल्या. "हळूहळू सैल सोड. आता दोरी उतरव."

"अम्मी, ते रोज येतात. तूही ऐकतेस. दोरी उतरवली तर येणार नाहीत."

"ऐकते ना. रोज जीव मुठीत धरून ऐकते." जिनतबींनी कणकेचे हात पदराला पुसले. "तुझे अब्बा काम अर्धं टाकून कधी घरी आले होते का गं? रंधासुद्धा पुसून ठेवल्याशिवाय दुकानाला कुलूप लावायचे नाहीत. दोरी उतरवायची राहिलीय म्हणून येतात ते. तू अडवून ठेवलंयस त्यांना, पोरी."

रझियाने दोरी आणि माझ्यामध्ये पाय घातला, मला मांडीवर दाबलं आणि वरचा फास सरकवला. दोरी गळून पडली. आता मी सरळ होईन म्हणून वाट पाहिली. झालो नाही. लाकूड वाकलं ते वाकलंच.

ती टेकडाउन घेऊन गेली. संध्याकाळी परत आली तेव्हा जिनतबी माझ्यासमोर बसून होत्या. तीही शेजारी बसली. दुकान बंद करायची वेळ झाली. दोरीच नव्हती, वाजणार काय? तरी आम्ही तिघंही कान देऊन होतो. वेळ टळून गेली. मग जिनतबी मोठ्याने रडल्या. दफनाच्या दिवशीसुद्धा त्या अशा रडल्या नव्हत्या.

हल्ली मी भिंतीवर आडवा असतो. माझ्यातून आता बाण सुटायचा नाही. माझं एवढंच मागणं आहे: तुमच्या घरातून गेलेल्या माणसाचं काही अर्धवट राहिलं असेल, तर ते तसंच जपू नका. पुरं करा आणि त्याला जाऊ द्या.

परवा विश्वजीत सर घरी आले होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "अब्बांनी असंच वाकडं बनवलं होतं का गं?"

"नाही, सर," रझिया म्हणाली. "त्यांनी सरळ बनवलं होतं. वाकवलं मी."