व्यायाम कोणी करून घेतला?

माणसाने मदत करावी, पण त्यालाही काही सुमार असतो. अति तिथे माती, हे आपण पोरांना सांगतो. आमच्या घरात ते मी रोज संध्याकाळी बघत होते.

माझा नवरा पोलीस खात्यात ड्रायव्हर. तातडीचा कॉल आला म्हणून निघालेल्या गाडीला वळणावर एक टेम्पो उलट्या बाजूने येऊन धडकला. मागे बसलेल्या दोघांना खरचटलं, नवऱ्याचा गुडघा मात्र पार चेपला. ऑपरेशन झालं, आत धातूची पट्टी बसली, टाके निघाले. घरी सोडताना हॉस्पिटलच्या फिजिओबाईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "हाड जुळतंय छान. आता गुडघा वाकवायचा. सकाळी एकदा, दुपारी एकदा, दुखलं तरी. आत्ता वाकला तर वाकला, नाहीतर जन्मभर तसाच ताठ राहील. मग खाली बसणं नाही, धड जिना चढणं नाही."

माझी नोकरी बस डेपोत, तिकीट खिडकीवर. काचेच्या भोकातून दिवसभर लोकांचा आरडाओरडा ऐकायचा आणि सुट्टे पैसे मागायचे. माझी रजा संपत आली होती, आणि नवऱ्याला घरी एकट्याला कसं ठेवायचं या काळजीने माझी झोप उडाली होती. अशात एक दिवस मंडळ दारात उभं राहिलं. कामावर जखमी झालेल्या पोलिसांची सेवा करणारं असं एक मंडळ आमच्या भागात आहे, हे मला तोवर ठाऊकही नव्हतं. मी त्यांचे हात धरून रडले होते, हे खरं आहे. पुढे ते विसरू नये म्हणून मी स्वतःला वारंवार बजावत असे.

सकाळी येणार निवृत्त पोस्टमनकाका, मंडळाचे अध्यक्ष. दुपारी येणार पार्लरवाल्या ताई, कारण त्यांच्याकडे त्या वेळी गिऱ्हाईक नसतं. फिजिओबाईंनी दोघांनाही हॉस्पिटलात बोलावून गुडघा कसा वाकवायचा ते शिकवलं. टाच पलंगावर टेकवायची, खाली गुळगुळीत कापड ठेवायचं, आणि टाच हळूहळू कमरेकडे ओढत आणायची. दोघांनी माना डोलावल्या. ताईंनी तर मोबाईलवर व्हिडिओही काढला.

मग सेवा सुरू झाली. काका माझ्या नवऱ्याला "साहेब" म्हणायचे. खात्यात त्याला आजवर कोणी साहेब म्हटलं नव्हतं, त्यामुळे पहिले काही दिवस तो मागे वळून बघायचा. काका त्याला पेपर मोठ्याने वाचून दाखवायचे आणि पाण्याचा ग्लास स्वतः धरून तोंडाला लावायचे.

"काका, गुडघा मोडलाय त्यांचा, हात नाही," मी एकदा म्हटलं.

"वहिनी, ज्यांनी आपल्यासाठी रक्त सांडलं त्यांना ग्लास उचलायला लावायचा?" काकांचे डोळे भरून आले. यावर बोलणार काय, कपाळ?

ताईंची तऱ्हा वेगळी. त्यांनी माझं स्वयंपाकघर लावून दिलं. म्हणजे मीठ साखरेच्या जागी गेलं, साखर वरच्या फळीवर चढली, आणि डाळींचे डबे कुठे गेले ते मला दोन दिवस सापडलं नाही. शिवाय त्या नवऱ्याची दाढी करायच्या, डोकं चोळून द्यायच्या, चेहऱ्याला काहीतरी फासायच्या. लग्नात दिसला नव्हता इतका तो तुकतुकीत दिसायला लागला. मी घरी आले की तो उशांच्या ढिगात टेकून पडलेला असायचा, आणि मी मात्र घामाने थबथबलेली. चिडचिड व्हायची, पण बोलायची चोरी. फुकट सेवा करणाऱ्यांवर चिडलं तर लोक आपल्यालाच नावं ठेवणार.

खरं घोडं पेंड खात होतं ते दुसरीकडेच. काका आणि ताई एकमेकांशी बोलत नव्हते. मंडळाने आमच्याकडे पहिल्यांदा फुलं आणली तेव्हा फोटो काढला होता. त्यात ताई ऐन वेळी पुढे सरकल्या आणि काकांच्या तोंडावर पुष्पगुच्छ आला. पेपरात तोच फोटो छापून आला, काका फक्त कानापुरते. तेव्हापासून अबोला. ताई यायच्या आधी काका निघून जायचे, आणि काका गेल्याची खात्री पटल्यावर ताई जिना चढायच्या. एकमेकांना निरोप द्यायचे ते माझ्या नवऱ्यातर्फे. "ताईंना सांगा, खिडकी उघडी टाकू नका." "काकांना म्हणावं, चहाची भांडी निदान विसळून ठेवा." साठीची माणसं ही! बालवाडी बरी.

मी रोज संध्याकाळी पर्स ठेवता ठेवता विचारायची, "व्यायाम झाला?"

"झाला," नवरा म्हणायचा.

"दोन्ही वेळेला?"

"दोन्ही वेळेला."

आज तपासणी होती. फिजिओबाईंनी नवऱ्याला आडवं केलं, पाय उचलून पाहिला, गुडघ्याला कोन मोजायची पट्टी लावली. मग पुन्हा लावली. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "घरी व्यायाम कोण करून घेतं?"

"मंडळाचे लोक. रोज दोनदा."

"अजिबात नाही. हा गुडघा कोणी हलवलेलाच नाही. आणखी पंधरा दिवस असेच गेले तर माझ्या हातात काही राहणार नाही, सांगून ठेवते."

येताना टॅक्सीत नवरा खिडकीबाहेर बघत होता. घरी पोचताच मी काकांना फोन लावला, मग ताईंना. दोघांनाही एकच वाक्य ऐकवलं, "असाल तसे या." दोघे दारातच एकमेकांसमोर आले आणि दोघांनीही माना फिरवल्या. मी दोघांना आत घेतलं आणि दार लावून कडी घातली.

"काका, सकाळचा व्यायाम तुमच्याकडे. करून घेत होता?"

काका गोंधळले. "मी रोज विचारायचो की. पण साहेब म्हणाले, ताई दुपारी दोन्ही वेळचा एकदम करून घेतात, फिजिओबाईंनीच तसं सांगितलंय."

"अय्या!" ताई ओरडल्या. "मला म्हणाले, काका सकाळीच दोन्ही वेळचा उरकतात. त्यांना ताकद जास्त आहे म्हणे."

दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात तो हा. काका भिंतीकडे बघून म्हणाले की काही लोकांना एकदा विचारून घ्यायला काय झालं होतं. ताई पंख्याकडे बघून म्हणाल्या की काही लोकांनी तोंड उघडलं असतं तर विचारलंही असतं.

"गप्प बसा दोघं!" मी इतक्या जोरात ओरडले की खालच्या मजल्यावरचा टीव्ही बंद झाला. "माझ्या नवऱ्याचा पाय कायमचा चाललाय, आणि तुम्हाला अजून फोटो आठवतोय!"

"त्यांना नको बोलूस," नवरा पलंगावरून म्हणाला. "मीच दोघांना वेगवेगळं सांगितलं. ते बोलत नाहीत हे मला माहीत होतं. साक्षीदार एकमेकांना भेटले नाहीत तर खोटं पकडलं जात नाही. एवढं तर चौकीत बसून शिकलोय मी."

मी स्टुलावर बसले. "का पण? इतकं दुखतं? मला सांगायचंत."

"दुखतं. पण त्यासाठी नाही." तो छताकडे बघत होता. "गुडघा वाकला की क्लच दाबता येतो. क्लच दाबता आला की गाडी परत हातात देतात. मला नको गाडी. रस्त्यावर साधा हॉर्न वाजला तरी माझे हात गार पडतात. त्या वळणावर ब्रेक दाबला होता मी, तरी..." तो थांबला. मग म्हणाला, "पाय गेला तर लोक सलाम करतील. ड्रायव्हर गाडीला घाबरतो म्हटलं तर हसतील. मग पाय गेलेलाच बरा."

काकांनी चष्मा काढला आणि पुसत राहिले. इतके दिवस हे दोघं येत होते, त्याला ग्लास धरत होते, डोकं चोळत होते. मी रोज व्यायाम विचारत होते. त्या वळणाबद्दल आमच्यातल्या एकानेही त्याला काही विचारलं नव्हतं. मला नवऱ्याचा राग आला, आणि कीवही आली, आणि राग जास्त आला.

"हे बघा," मी उठले. "गाडी चालवायची नसेल तर नका चालवू. मी स्वतः तुमच्या साहेबांसमोर उभी राहून सांगेन की माझा नवरा घाबरलाय, त्याला दुसरं काम द्या. हसू देत. तिकीट खिडकीवर मी याहून वाईट ऐकून घेते. पण गुडघा वाकलाच पाहिजे. तो गाडीचा नाही, तुमचा आहे. ताठ पाय घेऊन तुम्ही म्हातारे झालात तर तुम्हाला कोण उठवणार? सलाम करणारे?"

"उद्यापासून करू गं."

"आत्ता."

मी त्याच्या टाचेखाली कापड सरकवलं आणि घोटा धरला. काका न सांगता पलंगाच्या डोक्याशी गेले आणि त्याचा एक खांदा धरला. दुसऱ्या खांद्याला माणूस लागणार होता. काकांनी मान वर केली आणि म्हणाले, "ताई, इकडून धरा." ताईंनी धरलं.

मी टाच ओढली. नवरा किंचाळला. मला, माझ्या माहेराला, फिजिओबाईंना आणि टेम्पोवाल्याला त्याने एका दमात शिव्या घातल्या. काका इतके दचकले की त्यांचा हात सुटायची वेळ आली. साहेबांच्या तोंडून असलं काही त्यांनी ऐकलं नव्हतं. मी ओढतच राहिले. टाच बोटभर पुढे आली आणि कातडीखाली गुडघा थोडासा हलला. मी तो हलताना पाहिला.

"सोड! मरतो मी! सोड गं!"

"तुम्ही भीती वाटते म्हणालात ना," मी म्हटलं, आणि आता मीही रडत होते. "ऐकलं सगळ्यांनी. हसलं का कोणी? मग आता पाय ओढा."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग खांदे धरून उभ्या असलेल्या दोघांकडे. डोळे मिटून घेतले. आणि माझ्या हातातली टाच, मी न ओढता, आणखी थोडी पुढे आली.