दोघांपुरतं बाकडं

जोडाऱ्याने शेवटचा स्क्रू आवळला आणि आत्याच्या गुडघ्यामागचा खटका अंगठ्याने दाबला. टक्. सळई जागच्या जागी अडकली; ती सोडवायची तार कमरपट्ट्याच्या आत होती.

"आता अंग सोड," तो म्हणाला. "सगळा भार पायावर टाक. घाबरू नकोस."

आत्याने अंग सोडलं. चिलखताच्या आतून मांडीपासून घोट्यापर्यंत गेलेल्या त्या बोटभर जाडीच्या सळईने तिला तोलून धरलं. सहा वर्षं ठणकणारा उजवा गुडघा एकाएकी गप्प झाला. भिंतीला न टेकता, कशालाही न धरता ती तशीच उभी राहिली आणि तिचे डोळे भरून आले. तिने ते पुसले नाहीत. पुसले असते तर जोडाऱ्याच्या, तिच्या भाच्याच्या, लक्षात आलं असतं.

घुमटाखालच्या त्या शहरात चारचौघांत कुणी बसत नसे. जेवायचं ते छातीइतक्या उंच फळीशी, उभ्याने. आया लेकरांना पाजत त्याही उभ्याने. माणूस गेला की त्याला उभाच पुरत. थकल्यावर दार लावून आडवं व्हायला कुणाची ना नव्हती, पण दुसऱ्याच्या देखत बूड टेकणं म्हणजे शत्रूपुढे हात टेकणं. 'बसका' ही तिथली मोठी शिवी होती. तिच्याहून मोठी एकच होती, 'टेकूवाला'.

कारागिरांना तेवढी सूट होती. आपल्याला सभेत मत नाही म्हणून आपल्याला बूड आहे, असं ते आपसांत हसून म्हणत. जोडाऱ्याच्या कामाच्या खोलीत दोन हात लांबीचं एक बाकडं होतं. लढवय्या गिऱ्हाइकाची चाहूल लागली की तो त्यावर गोणपाट टाकी आणि वर पाने-हातोड्या पसरून ठेवी.

दुसऱ्या दिवशी सभा होती. सेनापतीला पलीकडच्या चंद्रावर मोहीम काढायची होती. जुन्या तुकड्या विरळ झाल्या होत्या, म्हणून या खेपेला सोळा वर्षांची पोरं न्यायची असं त्याने ठरवलं होतं. त्या पोरांत आत्याची नात होती. घरी तिला भिंगरी म्हणत. सभेने होकार दिला तर नऊ दिवसांनी यानं सुटणार होती.

सभा छत्तीस जणांची. चिलखताची वीज दारातच बंद करायची, बावीस किलो लोखंड नुसत्या हाडांवर घ्यायचं आणि बोलणं संपेपर्यंत उभं राहायचं. शेवटी जे उभे असतील त्यांनी हात वर करायचा. जो वाकला, टेकला किंवा बसला, त्याचा शब्द गेला. सेनापती बोलणं लांबवण्यात पटाईत होता. मागच्या सभेत त्याने नऊ तास काढले होते आणि तोवर नको म्हणणारी म्हातारी माणसं एकेक करून गळाली होती. आत्या सातव्या तासाला कोसळली होती. पहारेकऱ्यांनी तिला वरच्या वर झेलून नेताना सेनापतीने मान फिरवली होती, हे तिने पाहिलं होतं.

म्हणून ती आठवडाभर भाच्याच्या मागे लागली होती. असली सळई मी कधी पाहिलीसुद्धा नाही, असं तो चार दिवस सांगत राहिला. पाचव्या दिवशी त्याने दाराला कडी घातली आणि माप घ्यायला टेप काढला. पकडला गेला असता तर त्याचा परवाना जाऊन त्याला घुमटाबाहेरच्या खाणीत धाडलं असतं. तिचं नाव तर वीरांच्या भिंतीवरून खरवडून काढलं असतं.

"जरा चालून दाखव," तो म्हणाला.

ती चालली. खोली ओलांडून मागच्या भिंतीपर्यंत गेली. तिथे खिळ्याला त्याचा कातडी अंगरखा लटकत होता. वळताना तिचा खांदा त्याला लागला, अंगरखा सरकला आणि मागे भिंतीवर खडूने ओढलेल्या उभ्या रेघा दिसल्या. लहानमोठ्या, शेजारीशेजारी. प्रत्येकीवर मांडीची, गुडघ्याची आणि घोट्याची खूण होती. नाव एकीवरही नव्हतं.

"हे काय रे?"

जोडारी पान्याला तेल लावू लागला.

"सतरा," ती म्हणाली. "माझी धरली तर अठरा."

"आत्या, मी काही बोललेलो नाही."

"तू कशाला बोलशील. भिंतच बोलतेय."

मग तिला हसू फुटलं. कितीतरी वेळ ती हसत राहिली, इतकी की चिलखताच्या पट्ट्या खुळखुळल्या. आता लपवण्यात काही राम नव्हता. जोडाऱ्याने हळूहळू सांगितलं, नावं सोडून बाकी सगळं. दुकान बंद होता होता एकेक जण येतो. गुडघा जरा कुरकुरतोय, चार दिवसांपुरतं कर, म्हणतो. आपल्याशिवाय दुसरं कुणी असलं काही करत असेल, हे कुणाच्या स्वप्नातही नसतं. आणि सभेत टेकूवाल्यांच्या नावाने बोटं मोडायला हेच पुढे.

आत्या रेघांवरून बोट फिरवत होती. एका रेघेशी बोट थांबलं. ती बाकीच्यांहून चांगली वीतभर तोकडी होती. तिने त्या रेघेकडे टक लावून पाहिलं.

"हा दोन्ही पायांना लावतो?"

जोडाऱ्याच्या हातातला पाना निसटला. तो त्याने उचलला, पुसला आणि जागेवर ठेवला.

"दोन्ही," तो म्हणाला.

तिने अंगरखा पुन्हा नीट सारखा केला आणि ती परत त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"काढ ही."

"काय?"

"सळई. काढ म्हणते ना."

त्याने डोक्याला हात लावला. अगं, उद्या सात तासांत परत पडशील, तुझा हात वर व्हायचा नाही, भिंगरीचं काय होईल, असं त्याने एका दमात सुनावलं. आत्याने ऐकून घेतलं.

"सतरा जण खोटे उभे राहून पोरांना धाडणार," ती म्हणाली, "आणि मी अठरावी खोटी उभी राहून नको म्हणणार. माझं नको आणि त्यांचं हो, फरक तो काय राहिला? ते बाकडं दे मला."

"वेड लागलंय का तुला?"

"लागलं असेल. वयही झालंय. बाकडं दे."

तो पुष्कळ वेळ कुरकुरला. पण ती गेल्यावर त्याने गोणपाट काढलं, बाकडं पुसलं आणि त्याचा डुगडुगणारा एक पाय पाचर मारून घट्ट केला. डुगडुगणारी वस्तू आपल्या हातून बाहेर जावी, हे त्याला कधीच खपलं नव्हतं.

सकाळी सभागृहात तो कारागिरांच्या रांगेत उभा होता. कुणाचं चिलखत अडकलं तर सोडवायला त्यांना तिथे थांबावं लागे. आत्या काखेत बाकडं मारून आली. पहारेकऱ्यांना ते मोहिमेच्या सामानापैकी काहीतरी वाटलं असावं. त्यांनी तिला वाट दिली. तिने दारात वीज बंद केली, लंगडत मधोमध गेली, बाकडं ठेवलं आणि त्यावर बसली.

लोखंड लाकडावर आपटल्याचा आवाज सगळीकडे घुमला. पुढच्या रांगेतल्या एकाने झटकन तोंड फिरवलं, उघडंनागडं माणूस दिसावं तसं.

सेनापती उंच चौथऱ्यावर होता. ठेंगणा, रुंद खांद्यांचा, ताठ.

"आत्या, उभ्या राहा," तो म्हणाला. सगळं शहर तिला आत्याच म्हणे.

"नाही."

"मग तुमचा शब्द गेला. बाहेर जा."

"शब्द गेला तर गेला. मी जाणार नाही. न्यायचं असेल तर उचलून न्या."

त्याने मान हलवली. दोन पहारेकरी पुढे आले आणि तिच्यापाशी येऊन थबकले. बसलेल्या म्हातारीला उचलायचं तर वाकायला हवं होतं आणि त्या सभागृहात पिढ्यान्पिढ्या कुठला पहारेकरी वाकला नव्हता. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, मग सेनापतीकडे. वाका, असा हुकूम कुठल्या तोंडाने द्यायचा, ते सेनापतीलाही सुचेना. मागे कुणीतरी हसू दाबलं आणि ते खोकल्यासारखं बाहेर पडलं.

आत्याने तेवढ्यात बोलायला सुरुवात केली. आवाज चढवला नाही. चौथऱ्यामागच्या भिंतीवर भलंमोठं चित्र होतं. त्यात पलीकडच्या चंद्राच्या कड्यावर, पहिल्या मोहिमेतून जिवंत परतलेले एकोणीस वीर छाती काढून ओळीने उभे होते. शहरातलं प्रत्येक पोर त्या चित्रापुढे उभं राहायला शिकलं होतं. डावीकडून तिसरी ती होती. ओळीच्या टोकाला सगळ्यांत बुटका सेनापती होता, तेव्हा सतरा वर्षांचा.

ते चित्र खोटं आहे, असं तिने सांगितलं.

"आम्ही दोनशे उतरलो. उभे राहिले ते शत्रूच्या माऱ्यात पहिल्या तासातच गेले. तिथे आडोसा नाही, दगडसुद्धा नाही. नुसती धूळ. आम्ही एकोणीस वाचलो, कारण आम्ही पालथे पडलो. तीन दिवस. एकमेकांच्या बुटांशी तोंड घालून. माझ्या तोंडापुढे ज्याचे बूट होते, तो रडत होता आणि मी त्याचा घोटा धरून ठेवला होता, कारण तो सारखा उठून उभं राहायला बघत होता. परतताना यानात सगळ्यांनी मिळून ठरवलं, उभे होतो असं सांगायचं. मीही ठरवलं. बेचाळीस वर्षं मीही तेच सांगितलं."

"बसकी," कुणीतरी ओरडलं.

"हो," आत्या म्हणाली. "म्हणून तर जिवंत आहे."

मग तिने एवढंच म्हटलं, की पोरांना आपण आडवं पडायला कधी शिकवलंच नाही. ती तिथे उतरतील आणि त्या चित्रासारखी उभी राहतील.

हे खोटं आहे, असं सेनापतीने एका शब्दात म्हणावं आणि मोकळं व्हावं, म्हणून सगळे त्याच्याकडे पाहत होते. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. घुमटाच्या काचेतून आलेलं ऊन त्याच्या कपाळावर पडलं होतं. त्याला घाम फुटला होता.

आत्या बाकड्यावर जराशी सरकली. अगदी टोकाशी गेली.

"टिल्ल्या," ती म्हणाली. त्या नावाने त्याला हाक मारणारं दुसरं कुणी आता उरलं नव्हतं. "दोघांपुरती जागा आहे."

सगळ्यांचे डोळे सेनापतीच्या चेहऱ्यावर खिळले होते. तो दगडासारखा होता. जोडारी तेवढा खाली, आपल्या पायांपुढच्या फरशीकडे बघत होता आणि कान देऊन ऐकत होता.

टक्.

दोघाचौघांनी वर पाहिलं. हवेच्या नळात काही वाजलं, असं त्यांना वाटलं.

थोडा वेळ गेला. मग पुन्हा एकदा, टक्.

गुडघ्यांमागच्या त्या दोन्ही खटक्यांच्या स्प्रिंगा जोडाऱ्यानेच दोन महिन्यांपूर्वी बदलल्या होत्या. जराही करकर न करता त्या सुटल्या. त्याने मान वर केली आणि बाकड्याच्या त्या पायाकडे पाहिलं. पाचर पक्की होती. दोघांचं वजन सहज पेलेल.