कोरा रकाना

"सात पॉइंट चार," दोब्रिंका मोठ्याने म्हणाली आणि थांबली.

परीक्षेच्या दालनातले सगळे वळून बघायला लागले. परीक्षक बाई लगबगीनं जवळ आल्या. "मावशी, मनात वाचा. इतरांना ऐकू जातं."

"चुकलं हं," दोब्रिंका ओशाळून म्हणाली आणि पुढची बाटली तिनं ओढली. काचेच्या नळीतून थेंब सुटत होते. लाल पाणी निळं झालं, त्याच थेंबाला तिचा हात थांबला. या कामात तिचा हात धरणारं तिच्या अख्ख्या विदिन गावात कोणी नव्हतं.

सत्तावीस वर्षं ती आणि येलका दोघी मिळून गावाचं पाणी तपासत होत्या. पाणी निळं व्हायला किती औषध लागलं तो नळीवरचा आकडा दोब्रिंकानं वाचायचा, येलकानं तो परत म्हणायचा आणि वहीत लिहायचा. "सात पॉइंट चार, बाईसाहेब!" हा येलकाचा ठसका. तो ऐकल्याशिवाय दोब्रिंका दुसऱ्या बाटलीला हात लावत नसे. मग नियम आला, की प्रमाणपत्र नसेल त्याला जूनपासून पाणी तपासता येणार नाही. जन्म या कामात गेला त्यांनाही परीक्षा! दोघींनी फेब्रुवारीत एकत्रच अर्ज भरले.

"नापास झालो तर दोघी मिळून बाटल्या धुवू. आहे काय त्यात!" येलका म्हणाली होती.

मार्चमध्ये ती दोन दिवसांच्या दुखण्यानं गेली. तिच्या निधनाचा, फोटो असलेला काळ्या चौकटीचा कागद प्रयोगशाळेच्या दारावर अजून आहे. दोब्रिंका रोज त्याला हात लावून आत जाते.

परीक्षेची वेळ संपली. परीक्षक बाईंनी कागद उचलला, उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला.

"मावशी, आकडे कुठायत?"

"सांगितले की मी."

"कुणाला?"

बाराच्या बारा बाटल्या निळ्या होत्या, एकही थेंब जास्त पडलेला नव्हता, आणि रकाना कोरा होता. लिहायचं काम दोब्रिंकाचं कधी नव्हतंच.

"पहिला आकडा मी ऐकला हो," बाई हळूच म्हणाल्या. "पण कागदावर नाही ते मला धरता येत नाही."

"धरूच नका. मीसुद्धा कामावर येणाऱ्या नव्या पोरींना हेच शिकवत आले," दोब्रिंका म्हणाली. बसमध्ये बसेपर्यंत तिनं रडू आवरलं. मग मात्र विदिन येईपर्यंत ते थांबेना.

जूनच्या पहिल्या दिवशी प्रयोगशाळेच्या साहेबांनी नजर चुकवत सांगितलं, "ऑक्टोबरात परीक्षेला परत बसा. तोवर बाटल्या तेवढ्या बघा. माझाही नाइलाज आहे."

"बघते ना. आहे काय त्यात," ती म्हणाली. एवढ्या बाटल्या एकटीनं धुवायच्या, हे मात्र ठरलं नव्हतं.

दुपारी सगळे जेवायला गेले. तिनं हात पुसले, नळाचं पाणी बाटलीत घेऊन लाल केलं, औषधानं नळी भरली आणि शेजारी कोरी वही उघडून ठेवली. पाणी निळं झालं.

"सहा पॉइंट आठ," ती म्हणाली.

खोलीत कोणी नव्हतं. सवयीनं ती थांबली, बराच वेळ थांबली.

"सहा पॉइंट आठ, बाईसाहेब," मग तिनंच म्हटलं, आणि पेन उचललं.