धाकट्याचा सेंटीमीटर

मी चाळीस वर्षं लेथवर काढली. "याच्या हातचा तुकडा एक सूतभरसुद्धा इकडचा तिकडे व्हायचा नाही," असं लोक म्हणायचे. लोक म्हणायचे थांबले की मी स्वतः म्हणायचो. दवाखान्यात नंबर येईपर्यंत, केस कापायला बसलो की, कुठेही. आमची ही म्हणते, "घट्टे तुमच्या हाताला पडले आणि कान किटले माझे."

तर असा मी घरी बसून जगाच्या चुका काढत असताना वहिनींचा फोन आला. दादाला जाऊन दोन वर्षं झाली होती.

"भाऊजी, घर रिकामं करतेय. लेक पुढच्या महिन्यात न्यायला येणार आहे. मागच्या शेडमधलं तेवढं तुम्ही बघा."

मागच्या शेडमधलं म्हणजे चॉपर मोटरसायकल. दादाची आणि माझी.

"उद्याच नेतो," मी म्हणालो.

"न्या. पण मी जायच्या आधी चालू करा. एकदा मागे बसवून फिरवून आणा मला. एकच चक्कर. मग तुम्ही तिचं काय करायचं ते करा."

वहिनींनी लग्न झाल्यापासून माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. सहासष्टाव्या वर्षी लांबलचक गाडीवर अडुसष्टाची बाई मागे बसवून फिरणं हा शहाणपणा नव्हे, हे मलाही कळतं. तरी मी हो म्हणालो.

ती गाडी आम्ही केली तेव्हा दादा पंचविशीचा होता आणि मी नुकता कामाला लागलो होतो. दादा वेल्डर. गेट, खिडक्यांच्या जाळ्या, जिन्याचे कठडे, असली कामं करायचा. पंक्चरवाल्याच्या भिंतीवर एका कॅलेंडरवर त्याने चॉपरचं चित्र पाहिलं आणि त्याचं डोकंच फिरलं. पुढचं चाक मैलभर पुढे, हँडल आभाळाला लागलेलं, टाकी शेंगदाण्याएवढी. दादाने भंगारातून एक अपघातातली मोटरसायकल आणली, तिची मान कापली आणि वेगळ्या कोनात जोडली. मागे बसणाऱ्याच्या पाठीला टेकायला नळी वाकवून उंच कमान केली. आई रोज अंगणात येऊन विचारायची, "ही गाडी आहे का शिडी?"

पुढच्या चाकाला धरणारे जे दोन दांडे असतात ते लांब करायचे होते. त्यासाठी दोन्हींच्या वरच्या टोकाला आटे पाडलेला एकेक पोलादी जोडतुकडा हवा होता, अठरा सेंटीमीटरचा. दादा म्हणाला, "हे काम बाहेर द्यायचं नाही. आपल्या घरात टर्नर आहे." मला पगार सुरू होऊन तीन महिने झाले होते. तोवर मला कोणी टर्नर म्हटलं नव्हतं. कारखान्यात मी "ए पोरा" होतो. मी जेवणाच्या सुट्टीत, फोरमनची नजर चुकवून, दोन दिवसांत दोन तुकडे काढले. दोन्हींवर खुणेचे तीन ठिपके ठोकले. घरी आणून टेबलावर ठेवले, तेव्हा दादाने ते हातात घेऊन इतका वेळ पाहिले की मला लाजल्यासारखं झालं.

गाडी रस्त्यावर आली त्या पहिल्याच आठवड्यात दादा म्हणाला होता, "गाडी जरा डावीकडे ओढते रे." अंगणात दहा माणसं होती. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "नाचता येईना, अंगण वाकडं!" सगळे हसले. दादाही हसला, आणि त्यानंतर त्याने तो विषय कधी काढला नाही.

पुढे बारा वर्षं दादाने ती गाडी चालवली. लग्न झाल्यावर मागे वहिनी. दादा उजवीकडे कलून बसायचा, उजवा खांदा मागे खेचलेला, डावा खाली सोडलेला. अख्ख्या गल्लीला वाटायचं, ही याची ऐट. मी त्याचं नाव ठेवलं "तिरपे साहेब". नाव असं चिकटलं की दूधवालाही त्याच नावाने हाक मारायचा. पुतणी झाल्यावर तिघं मावेनात, म्हणून स्कूटर आली आणि चॉपर शेडमध्ये गेली. "निवृत्त झालो की दोघं मिळून काढू," असं दादा दरवर्षी म्हणायचा. "पुढच्या वर्षी बघू," असं मी दरवर्षी म्हणायचो. माणसाने एवढी वर्षं पुढच्या वर्षावर ढकलू नयेत. मला आता रोज वाटतं ते.

गाडी टेम्पोतून घरी आणली तेव्हा तिच्यावरची ताडपत्री कपड्यासारखी फाटत आली. हवेच्या फिल्टरमध्ये उंदरांनी संसार थाटलेला. टाकीतल्या पेट्रोलचा डांबरासारखा थर झालेला, आणि त्याचा तो आंबूस वास. पिस्टन जागेवरच धरलेला. मी प्लगच्या भोकातून डिझेल आणि थिनर ओतलं आणि रोज सकाळी किकवर उभा राहून बघू लागलो. चार दिवस मी उभा आणि किक उभी. पाचव्या दिवशी किक बोटभर खाली गेली, तेव्हा मी एकटाच ओरडलो.

टाकीत मूठभर नट टाकून, भोकं बंद करून, मी तासन्तास ती हलवली. ही दारात येऊन म्हणाली, "बाळाला झोप लागली का?" कार्ब्युरेटरची बारीक भोकं तांब्याच्या केसासारख्या तारेने साफ केली. प्रत्येक नट, प्रत्येक वॉशर वेगळ्या वाटीत, वाटीत चिठ्ठी. घरातल्या वाट्या संपल्या. "माझ्या गुडघ्याची एवढी काळजी घेतली असतीत," ही म्हणाली, "तर आज मी पळत असते." पण संध्याकाळी चहा घेऊन तीच माझ्याजवळ स्टुलावर बसायची आणि दादाच्या गोष्टी काढायची. ते दिवस फार चांगले गेले. हाताला तेल लागलं की मला दादा शेजारी असल्यासारखा वाटायचा, वेल्डिंगच्या काचेआडून काहीतरी पुटपुटणारा.

मग पुढचे दांडे उघडले.

दोन्ही जोडतुकडे पुसून मी बाकावर शेजारी शेजारी उभे केले. डावा बुटका होता. चष्मा पुसला. मोजला. उजवा अठरा, डावा सतरा.

पहिला विचार आला तो असा, की दादाने नंतर कापला असणार. माणूस स्वतःचं झाकून ठेवतो आणि दुसऱ्याचं वाकून बघतो, त्यातलाच मी. पण टोकाला लेथची वळणं तशीच होती, करवतीची खूण नव्हती. आणि वर माझे तीन ठिपके.

मग हळूहळू आठवलं. अचूक मोजायचा व्हर्नियर फोरमनच्या कपाटात कुलपात असायचा. आम्हा नवीन पोरांकडे एक जुनी पोलादी पट्टी होती, तिचं टोक झिजून गोल झालेलं. म्हणून आम्ही शून्यावरून मोजत नसू, एकच्या रेघेवरून मोजायचो. अठरा हवे असतील तर एकोणिसावर खूण. पहिल्या दिवशी मी तसंच केलं. दुसऱ्या दिवशी सुट्टी संपायच्या आत फोरमनच्या बुटांचा आवाज आला, मी घाईघाईत पट्टी लावली ती एकवर, आणि खूण केली ती अठरावर.

एक सेंटीमीटर. बारा वर्षं दादा माझा एक सेंटीमीटर खांद्यावर घेऊन फिरला, आणि मी त्याला तिरपे साहेब म्हणत राहिलो. मी त्या बाकाशी बसलो आणि मला रडू आलं. हिने आतून विचारलं, काय झालं. मी म्हणालो, थिनर डोळ्यात गेलं.

कोणाला सांगायचं धाडस होईना. ज्या लेथवाल्याकडे मी अधूनमधून बसायला जातो, त्याच्याकडे जाऊन नवीन तुकडा काढला. अठरा म्हणजे अठरा, तीन वेळा मोजून. जुना एका फडक्यात गुंडाळून खिशात ठेवला. माझं पितळ उघडं पडायचं ते माझ्यापुरतंच राहिलं, असं मी मनाला समजावलं. शिवाय गाडी आता बाणासारखी सरळ चालत होती. हात सोडले तरी सरळ. दादासाठी एवढं तरी केलं, असंही वाटलं.

वहिनी निघायच्या दोन दिवस आधी, सकाळी दहाला, मी हत्यारांची पेटी मागे बांधून गाडी घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो. आवाज ऐकूनच त्या बाहेर आल्या. मी पेटी सोडून ओट्यावर ठेवली. वहिनींनी टाकीवरून हात फिरवला, सीटच्या नव्या लाल रेक्झिनवरून फिरवला, मागच्या कमानीला धरलं आणि कोणाचा आधार न घेता बसल्या. मी गाडी काढली.

गल्ली संपली, शाळेची भिंत संपली, आम्ही रुंद रस्त्याला लागलो. मागे काही आवाज नाही. मला वाटलं भरून आलं असेल. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो.

"भाऊजी, थांबवा."

मी बाजूला घेतली. "भीती वाटली का?"

"भीती कसली? छान केलीत." त्या उतरल्या आणि गाडीकडे पाहत उभ्या राहिल्या. "पण ही त्यांची गाडी नाही."

"नाही कशी? प्रत्येक तुकडा तोच आहे." हे बोलताना माझा हात खिशावर गेला.

"मला सांगता येत नाही नीट. ते तिरपे बसायचे ना, तर त्यांच्या डाव्या खांद्यावरून मला पुढचं सगळं दिसायचं. मी हनुवटी तिथे टेकवायचे. समोरचा रस्ता, झाडं, येणारी माणसं. इतकी वर्षं मी रस्ता तिथून बघितलाय. आज नुसता तुमचा शर्ट दिसतोय."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी फडकं सोडून तुकडा त्यांच्या हातात दिला आणि रस्त्याच्या कडेला, कान धरल्यासारखा उभा राहून, पट्टीपासून फोरमनच्या बुटांपर्यंत सगळं सांगितलं.

वहिनी तुकडा हातात फिरवत होत्या. मग त्या हसायला लागल्या.

"अहो, त्यांना माहीत होतं."

"कधीपासून?"

"लग्नाआधीपासून. तुम्ही अंगणात सगळ्यांसमोर बोललात ना काहीतरी, त्याच आठवड्यात त्यांनी उघडून पाहिलं होतं."

"मग बोलला का नाही माझ्याशी?" मी जवळजवळ ओरडलोच. मेलेल्या भावावर रागावण्याइतका मूर्खपणा नाही, पण मला राग आला.

"मीही तेच विचारलं. तर म्हणाले, नुकता हात बसतोय त्याचा. आत्ता सांगितलं तर परत पट्टी हातात धरायचा नाही. पक्का टर्नर झाला की सांगेन. मग तुम्ही पक्के झालात, तोवर त्यांना तसं बसायची सवय झाली होती. आणि मला तिथून रस्ता बघायची." त्यांनी तुकडा माझ्या हातात परत ठेवला. "खांदा दुखायचा ना त्यांचा, मी बाम लावायचे. तेव्हा म्हणायचे, आज धाकट्याचा सेंटीमीटर बोलतोय."

आम्ही गाडी परत दारात आणली. अंगणात, ऊन चढत असताना, मी दांडे पुन्हा उघडले. वहिनी स्टुलावर बसून पाने हातात देत होत्या. कोणता पाना कशाला लागतो हे त्यांना बरोबर माहीत होतं. मी नवा अठराचा तुकडा काढला आणि सतराचा बसवला. चाळीस वर्षांत एवढ्या काळजीने मी कधी चुकीचा तुकडा बसवला नव्हता.

दुपारी चारला आम्ही पुन्हा निघालो. गाडीने लगेच डावीकडे ओढायला सुरुवात केली. मी उजवीकडे कललो, खांदा मागे खेचला, आणि माझ्या शरीराने आपोआप दादाची बैठक घेतली. दुसरा मार्गच नव्हता. कोपऱ्यावर इस्त्रीवाला म्हातारा इस्त्री हातात धरून उभा राहिला आणि ओरडला, "तिरपे साहेब!" मग त्याच्या लक्षात आलं आणि तो ओशाळला. मी त्याला हात करू शकलो नाही, कारण हँडल सोडलं असतं तर आम्ही गटारात गेलो असतो.

डाव्या खांद्यावर हनुवटी टेकली.

"दिसतोय का?" मी विचारलं.

"दिसतोय," वहिनी म्हणाल्या. "आता बोलू नका. चालवा."

एक चक्कर ठरली होती, आम्ही चार मारल्या.

वहिनींना लेकीबरोबर गाडीत बसवून दिलं त्या संध्याकाळीही माझा उजवा खांदा इतका दुखत होता की हात वर जाईना. हिने बामची बाटली आणली. मी म्हणालो, "नको. दुखू दे थोडा. माझाच आहे."