तिसरे आलो तरी चालेल

जानेवारी २०२४ मधल्या एका शनिवारी दुपारी काळुराम आमच्या दारात आले. मी त्यांना ओळखलं नाही. उन्हाने रापलेला, साठीकडे झुकलेला माणूस, इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि हातात चपला. चपला त्यांनी पायरीवर ठेवल्या आणि म्हणाले, "सर, मी निकेशचा बाप."

मी त्यांचा हात धरून त्यांना आत घेतलं.

रोह्याच्या शाळेत मी तीस वर्षं गणित शिकवलं आणि संध्याकाळी पोरांना फुटबॉल शिकवला. निकेश आठवीत आला तेव्हा रोह्याला लागूनच असलेल्या वरसे गावात मावशीकडे राहायचा, आमच्या घरापासून चार घरं सोडून. गाव त्याचं पेणजवळ, धरमतरच्या खाडीकाठी. बाप मिठागरावर कामाला. मी त्याला गोलकीपर केलं, कारण चिखलात उडी मारायला तो एकटाच कचरत नव्हता. पुढे तो डोलवीला कंपनीत कंत्राटी कामाला लागला आणि दोन हजार बावीसच्या मार्चमध्ये शिफ्ट सुटल्यावर घरी येताना वडखळच्या पुढे ट्रकखाली गेला. चोवीस वर्षांचा होता. दहाव्याला मी गेलो होतो, पण त्या गर्दीत काळुरामांशी माझं बोलणं झालं नव्हतं.

"पोरगा बोलायचा," काळुराम खुर्चीच्या कडेला बसून म्हणाले, "आशिया कप आला की सरांकडे जाऊन बघनार. तेवीसला हाय म्हनायचा."

"पुढे ढकलला. आज आपली पहिली मॅच आहे, ऑस्ट्रेलियाशी."

"मना ठाव हाय. म्हनून तर आलो." मग म्हणाले, "मना खेळातलं काय कळत नाय सर. तुमी सांगा, मी बघतो."

मालतीने, माझ्या बायकोने, चहा आणला. पाच वाजता सामना सुरू झाला आणि मी सांगत गेलो. हा आपला गोलकीपर, हे बचाव करणारे, ऑफसाइड म्हणजे काय. ऑफसाइड त्यांना दोनदा सांगावं लागलं, मग ते स्वतःच हात वर करून "ऑफसाइड, ऑफसाइड" म्हणू लागले. मध्यंतरापर्यंत शून्य-शून्य. काळुरामांचा चेहरा उजळला होता.

"म्हंजे आपन बरे खेळतो की!"

उत्तरार्धात ऑस्ट्रेलियाने दोन गोल केले. मग मी कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून त्यांना पुढची वाट समजावली. चोवीस संघ, सहा गट, गटात चार. पहिले दोन पुढे जातात, आणि तिसऱ्या आलेल्या सहांपैकी चांगले चारही जातात.

"म्हंजे तिसरे आलो तरी चालंल?"

"चालेल."

"मग हाय की," ते म्हणाले. "अजून दोन म्याच हायेत."

त्यांना रोह्याच्या स्टँडवर एसटीत बसवून आलो, तर मालती म्हणाली, "त्यांना सांगितलंत?"

"काय?"

"तुम्हाला माहीत आहे काय ते."

मी कॅलेंडरचं पान घडी करून ठेवलं.

उझबेकिस्तानचा सामना गुरुवारी रात्री होता, तो त्यांनी घरी पुतण्याच्या मोबाईलवर पाहिला. सकाळी सात वाजता फोन आला. "तीन खाल्ले सर. अर्ध्या वेळेतच."

"पाहिलं मी."

"मग? रस्ता बंद झाला काय?"

"नाही झाला. सीरियाला हरवलं तर तीन गुण होतात. मोठ्या फरकाने हरवलं तर बरं. बाकीच्या गटांत काय होतं ते बघू."

तेव्हापासून रोज फोन. कोण कोणाशी हरलं, कुणाची बरोबरी झाली. निकेशही असाच करायचा. दोन हजार एकोणीसच्या आशिया कपात बहारीनविरुद्ध नुसती बरोबरी झाली असती तरी आपण पुढे गेलो असतो. नव्वद मिनिटं संपली आणि बहारीनला पेनल्टी मिळाली, गोल झाला. वीस-एकवीस वर्षांचा तो दांडगा पोरगा माझ्या दिवाणखान्यात तोंडावर उशी धरून रडला होता. हे मी काळुरामांना फोनवर सांगितलं. मग म्हणाले, "घरी तो कवा रडला नाय सर. माज्यासमोर तर नायच."

मंगळवारी ते दुपारी तीनलाच आले. मी बातमी तयार ठेवली होती. "चीनचा गट काल संपला. चीन तिसरा आलाय, आणि त्याचे दोनच गुण. आज जिंकलो तर आपण त्यांच्या पुढे."

"चीनच्या पुढं!" ते मालतीकडे बघून हसले. "आयकलंत काय बाई?"

सामना सुरू झाला. सीरियालाही जिंकायचंच होतं, त्यामुळे दोन्हीकडून धावपळ. मध्यंतराला पुन्हा शून्य-शून्य. मालती स्वयंपाकघरात गेली. टीव्हीचा आवाज मी कमी केला, आणि काळुराम पडद्याकडे बघतच बोलू लागले.

"सर, आज तो तिथं उभा असता. त्या जाळीत."

त्यांनी पडद्याकडे बोट केलं.

"मी आडवला त्याला. तुमी मुंबईला निवडीचं पत्र दिलं व्हतं ना? बारावीत व्हता. मिठागराचा मोसम चालू व्हता. मी बोललो, बॉल अडवून कुनाचं पोट भरत नाय. त्याचे हातमोजे घेतले न खाडीत टाकले." त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "तो काय बोलला नाय. दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं मावशीकडं गेला. मी त्याला जाऊ दिला असता तर तो डोलवीला नसता गेला. मग ती गाडी, तो रस्ता, कायच नसतं."

मालती दारात उभी होती. कधी आली होती कोण जाणे. ती माझ्याकडे बघत होती.

कारण निकेश मुंबईला निवड चाचणीला गेला होता. मावशीला शाळेचा जादा तास सांगून मी त्याला पहाटे घेऊन गेलो होतो. हातमोजे दुसऱ्या पोराचे होते. पहिल्याच दिवशी दुपारी त्याला परत पाठवलं. निवड करणारे गृहस्थ सभ्य होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, पोरगा धीट आहे, पण उंची कमी पडते, पायही जड आहेत. इथून पुढे नाही जायचा. परतताना गाडीत निकेश माझ्याशेजारी खिडकीकडे तोंड करून बसला होता. रोहा यायच्या आधी एवढंच म्हणाला, "सर, घरी कळू देऊ नका. मी गेलोच नाही असं राहू दे." मी शब्द दिला होता. आठ वर्षं पाळला होता.

उत्तरार्ध सुरू झाला. काळुराम पुढे सरकून बसले. दर वेळी आपली मुलं बॉल घेऊन पुढे गेली की त्यांचा उजवा पाय नकळत हलायचा. एकदा बॉल गोलसमोरून गेला, कुणाचाच पाय लागला नाही. "अरे लाव की रे!" ते ओरडले. शहात्तराव्या मिनिटाला सीरियाने गोल केला.

उरलेला वेळ आम्ही पाहिला. शेवटी काही होईल असं काळुरामांना वाटत होतं, मला नाही. तीन सामने, एकही गोल नाही, एकही गुण नाही. शिट्टी वाजली तेव्हा ते म्हणाले, "तिसरे पन नाय आलो."

स्टँडवर मी त्यांच्यासोबत गेलो. पेणची गाडी लागली नव्हती. आम्ही बाकावर बसलो. त्यांच्या मनावर दोन वर्षं खोटा दगड आहे आणि तो मी उचलू शकतो, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर माझ्याही मनावर होता.

"काळुराम, तो गेला होता मुंबईला."

त्यांनी मान वळवली.

मी सगळं सांगितलं. पहाटेची गाडी, दुसऱ्याचे हातमोजे, दुपारी परत पाठवलं ते. उंचीचं सांगितलं. पायाचंही सांगितलं. ते सांगायला नको होतं, पण सांगितलं. "तुम्ही अडवल्यामुळे काही झालं नाही. तुमचा काही दोष नाही."

मला वाटलं होतं ते रडतील, किंवा त्यांना बरं वाटेल. त्यांनी फक्त विचारलं, "कंचा वार व्हता?"

"शुक्रवार. फेब्रुवारीतला."

"शनिवारी तो घरी आला व्हता," ते सावकाश म्हणाले. "मोसमात सुट्टीला यायचाच. माज्यासंगं मिठागरावर आला. दिवसभर मीठ ओढलं. मी बोललो, आता कसा डोकं ठिकानावर आलं. हसलो पन मी." गाडी लागली. माणसं चढू लागली. ते उठले नाहीत. "आदल्या दिवशीच हरून आला व्हता. न मी त्याला हसलो."

"तुम्हाला काय माहीत होतं?"

"तेच तर बोलतो. मना काय ठाव व्हतं?"

मग ते गाडीत चढले. खिडकीत बसले, पण माझ्याकडे बघितलं नाही.

त्यांचा फोन आला नाही. मीही आठवडाभर केला नाही. नंतर दोनदा केला, तो उचलला गेला नाही. मार्चमध्ये मालती म्हणाली, आपण जाऊन येऊ. पेणहून रिक्षा करून आम्ही त्यांच्या गावी गेलो. काळुराम मिठागरावर होते. घरी इंदुबाई होती, निकेशची आई. तिने आम्हाला ओटीवर बसवलं आणि पाणी दिलं. मी चाचरत म्हणालो, "मी त्यांना काहीतरी सांगितलं, त्याचा त्रास झाला असेल."

"मना ठाव हाय काय सांगितलं ते," इंदुबाई म्हणाली. "मना तवाच ठाव व्हतं. तो आला त्या रातीच मना बोलला. बाबाला सांगू नको आये, नायतर बोलतील, बघ मी बोललो व्हतो."

मालतीने विचारलं, "मग तुम्ही त्यांना कधीच नाही सांगितलंत? एवढा दोष घेत होते स्वतःला."

इंदुबाई पदराशी चाळा करत राहिली. "पयले शब्द दिला म्हनून नाय सांगितलं. मग तो गेला. त्याच्या मागारी हे रोज बोलायचे, मी आडवला नसता तर पोरगा देशाचा झाला असता. जेवताना बोलायचे, झोपताना बोलायचे. मना वाटायचं, बोलू दे. आपला पोरगा मोठा व्हनार व्हता असं घरात कोनीतरी बोलतंय. मी आयकत बसायची." तिने माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. "आता नाय बोलत ते. कायच नाय बोलत."

काळुराम तासाभराने आले. पाय गुडघ्यापर्यंत पांढरे होते. आम्हाला बघून म्हणाले, "सर, जेवून जा." आम्ही जेवलो. पावसाचं, मिठाचं, मालतीच्या गुडघ्याचं बोलणं झालं. निघताना मी म्हणालो, "पुढचा आशिया कप सत्तावीसला आहे. या तुम्ही."

"बघू," ते म्हणाले. मग आमच्यासोबत अंगणात येत, "माजं काय काम त्यात, सर? त्याचं व्हतं म्हनून बघत व्हतो."

दोन हजार पंचवीसच्या ऑक्टोबरमध्ये गोव्यात पात्रता सामन्यात सिंगापूरने आपल्याला हरवलं आणि सत्तावीसच्या स्पर्धेची वाटच बंद झाली. दुसऱ्या दिवशी मी काळुरामांना फोन लावला. त्यांनी उचलला. मी सांगितलं.

"असं व्हय," ते म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, बाईंचा गुडघा कसा हाय. मी म्हणालो, जिने चढता येत नाहीत. थोडा वेळ आम्ही त्यावर बोललो.