आजीच्या बोटांना फुटलेले दात

मी एक जुनी डीव्हीडी आहे. ‘बिचारी’ म्हणू नका, मित्रांनो. कीव मला सोसत नाही. माझ्या पोटात काय आहे हे ज्यांना धड पाहता आलं नाही, त्यांचीच मला कीव येते.

माझ्यात एक बाई आहे. तिला ऐकू येत नव्हतं, बोलता येत नव्हतं. पलंगावर बसून ती आपल्या चार वर्षांच्या मुलीला हातांनी अंगाई सांगते. आवाज नाही, नुसती बोटं. पुढे ती बाई वारली. मुलगी मोठी झाली, आई झाली. तिला अंगाईची सुरुवात आठवत होती, शेवट काही केल्या आठवेना. तो फक्त माझ्याकडे होता.

घरातला प्लेअर कधीच बिघडलेला. म्हणून तिने मला दिराच्या हाती दिलं. हे गृहस्थ घरातले संगणकपंडित! चार बटणं दाबता आली की माणसाची मान किती ताठ होते, ते यांच्याकडे बघावं. अर्ध्या तासात यांनी माझी नक्कल मोबाइलवर टाकली आणि मला दोऱ्याने गॅलरीत टांगलं, कबुतरं घाबरावीत म्हणून. कबुतरं घाबरली नाहीत. तीही यांना ओळखून होती.

आतून आवाज आला, “वहिनी, चेहरा कसा लख्ख आलाय बघा!”

“चेहरा ठीक आहे, भाऊजी. पण हात हलला की बोटांना कंगव्यासारखे दात फुटतायत. एकही खूण वाचता येत नाही.”

“जुनी डीव्हीडी ना! तिच्यातच खोट असणार.”

खोट म्हणे माझ्यात! ऐका. माझ्यातलं प्रत्येक चित्र दोन अर्ध्या चित्रांचं असतं. आधी एकाआड एक ओळी, मग सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्शाने मधल्या ओळी. तेवढ्यात हात पुढे सरकलेला असतो. जुना टीव्ही ते अर्धे भाग एकामागून एक दाखवायचा. या शहाण्याने दोन्ही एकत्र चिकटवले. वर मोबाइलसाठी चित्र लहान करून ओळी एकमेकींत कालवल्या. कालवलेलं आता कोण सोडवणार?

तिने दोन दिवस, बाळ मांडीवर घेऊन, वाचून वाचून हे शोधलं.

“भाऊजी, आधी ओळी सोडवायच्या, मग चित्र लहान करायचं. तुम्ही उलटं केलंत. डीव्हीडी कुठाय?”

“ती? ती... गॅलरीत.”

ती धावलीच. गजाला घासून माझ्यावर एक ओरखडा उठला होता. तिने श्वास रोखून मला मधून कडेकडे पुसलं. इतक्या वर्षांत मला नीट धरणारी ही पहिलीच!

या खेपेला ती शेजारी बसली. दिराने कोणता अर्धा भाग आधी हेच चुकवलं. बाळाच्या आजीचे हात पुढे-मागे थरथरू लागले.

“झालं की!” म्हणत हा उठायला निघाला.

“बसा, भाऊजी. माझी आई थरथरत नव्हती.”

क्रम बदलला. दात गेले, बोटं सुटी झाली. ओरखड्यापाशी चित्र क्षणभर अडखळलं, तिच्या तोंडचं पाणी पळालं, आणि मग शेवट आला. दोन बोटं तळव्यावर आडवी झाली, दुसऱ्या तळव्याने त्यांच्यावर पांघरूण घातलं. बघता बघता लेकीचे हातही आपोआप तसेच झाले.

मित्रांनो, नकला खुशाल करा. पण मूळ वस्तू टांगण्याआधी नकलेतले हलते हात बघा. स्थिर चेहरा कुणालाही जमतो.

दीर हल्ली पाहुण्यांना ‘मीच दुरुस्त केली’ म्हणून सांगतो. सांगू दे बापडा. बाळ त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. रात्री अंगाई संपली की ते आईचा वरचा तळवा हळूच उचलून डोकावतं, बोटं खरंच झोपलीत का ते पाहायला.